लॉजमधली ईशान्य

१

दगड निघाला, पण त्याच्यामागे डबा नव्हता. तांब्याचा डबा नव्हता, डब्यातली चांदीची थापी नव्हती, डबा मावेल एवढी पोकळीसुद्धा नव्हती. होतं ते राखाडी सिमेंट, भिंतीच्या मानाने अगदी नवं, आणि ते पाहून लॉजच्या तिघा म्हाताऱ्यांची तोंडं त्याच रंगाची झाली.

रविवारी लॉजला शंभर वर्षं पुरी होणार होती. बाहेरगावच्या लॉजांमधून पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर पायाच्या दगडामागचा डबा काढायचा, संस्थापकांनी ज्या थापीने पायाभरणी केली ती सगळ्यांना दाखवायची आणि मग जेवणं, असा बेत होता. लॉजचा इतिहास लिहिणाऱ्या हेडमास्तरांनीच सुचवलं होतं की दगडाचे स्क्रू आधी सैल करून ठेवावेत, पाहुण्यांसमोर घामाघूम व्हायला नको. ही त्यांची दूरदृष्टी म्हणायची की त्यांना अवदसा आठवली, कोण जाणे.

पोलिसांत जायचं नाव कुणी काढेना. दाराआड काय चालतं ते ज्यांनी शंभर वर्षं गावाला सांगितलं नाही, ते चौकीत जाऊन काय सांगणार? शेवटी लॉजचे अध्यक्ष, म्हणजे गावातले डॉक्टर, यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती फौजदार म्हणून निवृत्त झाली होती आणि गाव तिला अजून फौजदारबाईच म्हणत असे.

"ताई, जरा येतेस? आणि मागच्या दाराने ये हं."

"का? पुढच्या दाराने बाई आली तर लॉज बाटतं का तुमचं?"

"ताई, प्लीज. मस्करीची वेळ नाही."

ती पुढच्याच दाराने गेली. दारात उजव्या हाताला बूट-चपला ठेवायची अंधारी खोली होती, तिथे तिने सँडल काढले आणि जन्मात पहिल्यांदा हॉलमध्ये पाऊल टाकलं. लहानपणी याच दाराच्या फटीला डोळा लावला म्हणून वडिलांनी तिचा कान पिळला होता. वडीलही लॉजचे. फ्रीमेसन म्हणजे म्हणे स्वतंत्र गवंडी. काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा, कंपास ही यांची चिन्हं, कमरेला गवंड्याचा एप्रन, आणि एकमेकांना हाक मारायची 'बंधू' अशी. आता यांच्यातल्या एकाही बंधूने आयुष्यात कधी वीट उचलली नव्हती, ही गोष्ट वेगळी. वकील, डॉक्टर, मास्तर, पेढीवाले, असे हे गवंडी.

भिंतीवरच्या पितळी पाटीवर लिहिलं होतं, 'या वास्तूच्या ईशान्य कोपऱ्यात पायाचा दगड बसवला आणि त्यात स्मृतिमंजूषा ठेवली.'

"ईशान्य कोपरा हाच ना?" तिने विचारलं.

"हाच," हेडमास्तर म्हणाले. ते लॉजचे चिटणीस होते आणि साधं बोलतानाही फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलत. "अध्यक्षांची खुर्ची पूर्वेला. तिच्याकडे तोंड केलं की डावीकडे उत्तर. नव्या बंधूला आम्ही याच कोपऱ्यात उभं करतो, कारण इमारतीचा पहिला दगड इथला. मीसुद्धा इथेच उभा राहिलो होतो."

"आणि हे सिमेंट कधीचं?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं, तेही घाईने. "कंत्राटदार. मागे या कोपऱ्यात ओल धरली होती, तेव्हा दगड काढून त्यानेच काम केलं. आणि गेल्या महिन्यात सभासद व्हायचा त्याचा अर्ज आम्ही नामंजूर केलाय. डोक्यात राग असणारच."

फौजदारबाईंनी पिशवीतून अजून चष्मा काढला नव्हता, आणि चोराचं नाव त्यांच्या हातात पडलंसुद्धा होतं.

२

नोकरीत त्यांनी एक नियम पाळला होता. ज्याला बोलायचं नाही त्याला आधी बोलतं करायचं. म्हणून त्यांनी सुरुवात केली तिघांतल्या तिसऱ्यापासून, घड्याळजींपासून.

घड्याळजींचं दुकान चौकात, आणि लॉजमध्ये त्यांचं काम बाहेरच्या पहारेकऱ्याचं. सभा चालू असली की बंद दाराबाहेर तलवार घेऊन उभं राहायचं. त्या तलवारीने लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं.

"अर्ज नामंजूर कसा होतो?" फौजदारबाईंनी विचारलं.

"पेटीने. एक पेटी फिरते. आत पांढऱ्या गोट्या आणि काळे चौकोनी ठोकळे. बाहीसारख्या कापडातून हात घालायचा, बोटांनी चाचपायचं, हवं ते पलीकडच्या खणात टाकायचं. पांढरं म्हणजे होकार. एक जरी काळा निघाला तरी माणूस बाद."

"कुणी टाकला ते कळतं?"

घड्याळजी दुखावल्यासारखे झाले. "छे! ते कळलं तर मग लॉज कसलं? माझ्या बायकोलाही मी कधी सांगितलं नाही."

"कंत्राटदार कसा माणूस आहे?"

"भला आहे. माझ्या दुकानाचं छप्पर गळत होतं, दोनदा येऊन नीट करून गेला. त्याचा पणजोबा, म्हणजे ही इमारत ज्याने बांधली तो." घड्याळजी खाली मान घालून म्हणाले, "बाई, आम्ही गवंडी म्हणवतो आणि घरी आलेला एकुलता एक खरा गवंडी आम्ही दारातून परत पाठवला. मला बरं नाही वाटलं."

हेडमास्तरांना मात्र भलेपणाशी कर्तव्य नव्हतं. हॉलमध्ये आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसून ते म्हणाले, "मी इतिहास लिहितोय, फौजदारबाई. शेवटचं प्रकरण त्या डब्यावर आहे. छापूनसुद्धा आलंय. आता पाहुण्यांना काय दाखवू, माझं टक्कल?"

"तुम्ही त्याच्या विरोधात होतात?"

"मत गुप्त असतं. पण सांगतो, कारण मला लपवायचं काही नाही. मी पांढरी टाकली. का, तर सभासद झाला असता तर निदान एक पडदा तरी लावून दिला असता!"

"पडदा?"

"ही माझी जागा, अध्यक्षांच्या बरोबर समोर, पश्चिमेला. संध्याकाळच्या सभेत त्यांच्या मागच्या खिडकीतून ऊन असं डोळ्यांत घुसतं की अध्यक्ष दिसतच नाहीत, नुसता आवाज ऐकू येतो. बारा गावचं पाणी प्यालेले लोक इथे अध्यक्ष होऊन गेले, पण पडद्याचं कुणाला सुचलं नाही."

फौजदारबाई हसल्या. हसायला नको होतं, विचार करायला हवा होता. पण ते नंतर कळायचं होतं. निघताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाकी दोघांनी कंत्राटदाराबद्दल वाकडा शब्द काढला नाही. वाकडं बोलला तो त्यांचा भाऊ, आणि कंत्राटदाराचं नाव सभासदत्वासाठी सुचवलंही होतं त्यांच्या भावानेच.

३

कंत्राटदाराच्या आवारात वाळूचे ढीग, सळयांच्या मोळ्या आणि विटांच्या थप्प्या होत्या. मजूर सिमेंट-वाळूचा माल कालवत होते. तो स्वतः पायजम्यावर सिमेंटचे डाग घेऊन उभा होता. साठीला आलेला, शांत, आवाज चढवायची सवय नसलेला माणूस.

"डबा?" तो म्हणाला. "ताई, मी दगड काढला तेव्हा आत भुसभुशीत विटा होत्या आणि पाणी झिरपून पोकळ झालेली जागा. मी ती भरून काढली. डबा असता तर सगळ्यांना हाक नसती का मारली?"

"अर्ज नामंजूर झाल्याचा राग आला असेल."

"राग नाही. लाज वाटली." त्याने हात झटकले. "आईला सांगितलं होतं मी, तुझा मुलगा आता त्या घरात मानाने जाणार. डॉक्टरसाहेब मात्र चांगले. दुसऱ्या दिवशी घरी आले, म्हणाले, मी खूप प्रयत्न केला रे, पण हेडमास्तरांनी काळा टाकला. तेव्हापासून मी मास्तरांशी बोलत नाही."

फौजदारबाईंनी ते ऐकलं आणि मनात कुठेतरी टाकून दिलं.

"घर बघू का?"

"बघा की. काही बाकी ठेवू नका, म्हणजे पुन्हा प्रश्न नको."

कार्यालयाचं टेबल झालं, गोदाम झालं. राहिली शेवटची खोली, त्याच्या आईची. ऐंशीच्या घरातली म्हातारी खाटेवर बसली होती. फौजदारबाईंना ती ओळखीची वाटली, आणि मग आठवलं. त्यांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा ही बाई डोक्यावर घमेली वाहायची. तिचं पोर आणि फौजदारबाईंचा धाकटा भाऊ दिवसभर वाळूत किल्ले करायचे.

"मावशी, कपाट बघते हं."

फौजदारबाईंनी कपाट उघडलं. जुनी लुगडी, नातवाचं टोपडं, नवऱ्याचं एक जाकीट, सगळं निगुतीने लावलेलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचे हात चालत होते. एकेक वस्तू झटकून त्या खाटेवर टाकत गेल्या. तळाशी एक पांढरं फडकं होतं. उचललं तर जड लागलं. त्यांनी गाठ सोडली.

आत चांदीची थापी होती, आणि तिच्या पात्यावर गुण्या आणि कंपास कोरलेला होता.

४

"आमचीच आहे ती, बाई," म्हातारी म्हणाली. "आमची देऊन घेतलेली आहे."

फौजदारबाईंनी थापी खिडकीशी नेली. चांदी लखलखत होती. कोरीव काम मात्र एवढं झिजलेलं की पातं तिरकं धरल्याशिवाय गुण्या दिसेना. त्यांना काहीतरी खटकलं. पण खटकलं त्याच्या आधी त्यांनी फोन लावला होता, आणि खटकण्यापेक्षा भाऊ जवळचा होता.

डॉक्टर आणि हेडमास्तर दहा मिनिटांत हजर झाले. बोलणं खोलीत झालं असतं तर निदान चार भिंतींत राहिलं असतं. डॉक्टर आवारातच थांबले, मजुरांच्या मधोमध, आणि थापी उंच धरून म्हणाले, "हे काय आहे?"

"पणजोबांची आहे, डॉक्टरसाहेब. तुमच्या संस्थापकांनी त्यांना दिली. आजी सांगायची, पणजोबांच्या लोखंडीशी अदलाबदल झाली म्हणून."

"अदलाबदल!" हेडमास्तरांनी हात जोडले. "लोखंडी द्या आणि चांदीची न्या! असं दुकान कुठे आहे ते आम्हालाही सांगा. आणि मला सांगा, थापी डब्यात पुरली हे पाटीवर कोरलंय—"

"पाटीवर थापी नाही कोरलेली," कंत्राटदार म्हणाला.

"उलट बोलतोस?" डॉक्टरांचा आवाज फाटला. "आम्ही तुला आमच्यात घ्यायला निघालो होतो! चोर तो चोर, वर शिरजोर!"

मालातली फावडी थांबली. कंत्राटदाराने मजुरांकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. त्याने फौजदारबाईंकडे पाहिलं. झडती त्यांनी घेतली होती, तर शब्द त्यांचा होता. 'थांब, या चांदीत मला काहीतरी खटकतंय,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्यांनी थापी पिशवीत टाकली आणि चालत्या झाल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला ठाऊक होतं, भाजीवालीला ठाऊक होतं. शाळेने कंत्राटदाराला दिलेलं भिंतीचं काम काढून घेतलं. त्याचे निम्मे मजूर कामावर आले नाहीत. हेडमास्तरांनी म्हणे शेवटचं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं होतं.

फौजदारबाईंनी थापी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत चहा गार केला. बंद डब्यात वर्षानुवर्षं पडलेली चांदी काळी पडते. घासून ती एका दुपारी उजळेल, पण कोरलेली रेघ एका दुपारी झिजत नाही. ती झिजायला पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागतात. ही थापी कधी पुरलीच गेली नव्हती. हे त्यांना कालच कळलं होतं, आणि तरीही त्या गप्प बसल्या, कारण समोर ओरडणारा आपला होता. आपला तो बाब्या! नोकरीत असताना हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्यांनी त्याला सोललं असतं. त्यांना स्वतःची किळस आली.

पण मग डबा कुठे होता?

संध्याकाळी त्या लॉजवर गेल्या. घड्याळजी घड्याळाला किल्ली द्यायला आले होते. फौजदारबाई दमून हेडमास्तरांच्या खुर्चीत बसल्या, आणि ऊन थेट डोळ्यांत घुसलं. अध्यक्षांची खुर्ची दिसेनाशी झाली. त्यांनी हाताने डोळे झाकले आणि तो हात तसाच राहिला.

"घड्याळजी, हे ऊन कसलं?"

"मावळतीचं."

"आणि ती खुर्ची कुठल्या दिशेला आहे?"

"पूर्वेला," घड्याळजी म्हणाले. लागोपाठ दोन्ही उत्तरं, आणि मध्ये कुठे अडखळणंसुद्धा नाही.

"सूर्य पूर्वेला मावळतो?"

घड्याळजींनी खिडकीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "अहो, ती लॉजची पूर्व! अध्यक्ष बसतात ती पूर्व. दार रस्त्याकडे हवं, रस्ता उगवतीला, म्हणून खुर्ची मावळतीला गेली. पण आम्ही पूर्वच म्हणतो. सगळेच म्हणतात. माझ्या तर कधी ध्यानातच…" आणि ते खाली बसले.

"पायाभरणी झाली तेव्हा इथे काय होतं?"

"मोकळं रान."

"म्हणजे हॉल नव्हता, खुर्ची नव्हती, अध्यक्षांची पूर्व नव्हती. मग पाटीवरची ईशान्य कुठली?"

उत्तर फौजदारबाईंनीच दिलं. "सूर्याची. तुमची ईशान्य म्हणजे खरी नैर्ऋत्य. तिथला स्क्रूचा दगड मागाहून कुणीतरी शोभेला लावलेला असणार. तुम्ही शंभर वर्षं नव्या माणसाला चुकीच्या कोपऱ्यात उभं करताय. खरी ईशान्य दाराच्या उजवीकडे आहे."

"तिथे तर," घड्याळजी कसेबसे म्हणाले, "आम्ही चपला काढतो."

६

कंत्राटदाराला बोलवावं, असं हेडमास्तर म्हणाले. भिंत फोडायची म्हणजे माहितगार माणूस हवा.

"कुठल्या तोंडाने बोलवता?" फौजदारबाई म्हणाल्या. "गवंडी म्हणवता ना? घ्या पहार."

आणि लॉजच्या इतिहासात पहिल्यांदाच गवंड्यांनी पहार हातात घेतली. सकाळची वेळ होती. चपलांचं फडताळ बाहेर काढलं, त्यामागचा गिलावा फोडला. हेडमास्तरांच्या तळहाताला फोड आले, घड्याळजींच्या पायावर वीट पडली. डॉक्टर एकटे मुकाट्याने घाव घालत होते. गिलाव्यामागे घडीव दगड निघाला, त्याच्यावर गुण्या आणि कंपास. सांध्यातला चुना दगडासारखाच कठीण झाला होता. बांधल्या दिवसापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

दगडामागे तांब्याचा डबा होता.

डब्यात मखमलीची पेटी होती, आणि मखमलीला थापीच्या आकाराचा खळगा. फौजदारबाईंनी पिशवीतून चांदीची थापी काढून खळग्यावर धरली. कडा कडेला जुळली. पण थापी आत बसेना, कारण खळगा रिकामा नव्हता. त्यात एक लोखंडी थापी होती. पातं झिजून निम्मं राहिलेलं, मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या, आणि चिंध्यांवर सुकलेला चुना. म्हणजे पायाभरणीच्या दिवशी संस्थापकांनी स्वतःची चांदीची थापी इमारत बांधणाऱ्या गवंड्याच्या हातात दिली होती, आणि त्याची लोखंडी मखमलीत निजवून लॉजच्या पायात ठेवली होती.

"आमची देऊन घेतलेली," फौजदारबाई हळूच म्हणाल्या.

हेडमास्तर फोड आलेले हात मांडीवर ठेवून जमिनीवरच बसले. "मी त्याला दुकान विचारलं," ते म्हणाले. "मजुरांसमोर."

डॉक्टर दाराकडे निघाले होते. बहिणीने त्यांचा दंड धरला.

"तू थांब. माझं अजून संपलेलं नाही."

७

बाकी दोघांना बाहेर पाठवून तिने भावाला अध्यक्षांच्या खुर्चीच्या पायरीवर बसवलं. स्वतः शेजारी बसली.

"काळा हेडमास्तरांनी टाकला, असं तू त्याला घरी जाऊन सांगितलंस."

"अंदाजाने बोललो असेन."

"मत गुप्त. घड्याळजी बायकोला सांगत नाहीत, आणि तू थेट नाव घेऊन त्याच्या घरी गेलास. कशाला? त्याने विचारलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव घ्यायची घाई कुणाला असते? आणि परवा दगड निघाल्या निघाल्या, मी तोंड उघडायच्या आत त्याला चोर कुणी केलं? ज्याने त्याचं नाव सुचवलं, त्यानेच. बाकीच्यांना तो भला वाटत होता, तुला एकट्यालाच त्याचा राग दिसला. कारण त्याने रागवावं असं काय घडलंय, ते तुलाच माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं."



"सगळे म्हणाले, तूच सुचव, तू पुढारलेला आहेस," डॉक्टर फरशीकडे बघत म्हणाले. "मी सुचवलं. भाषण केलं, ताई, समतेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पेटी माझ्यापुढे आली. आत हात घातला आणि डोळ्यांपुढे त्याची आई आली. आपल्या अंगणात घमेलं वाहणारी. आपली आई तिला पाणी वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू न देता. आणि वाटलं, उद्यापासून याला बंधू म्हणायचं? सगळ्यांदेखत? जीभच वळेना माझी. कापडाच्या आत कोण बघतंय?"

ताईंना त्याला मारावंसं वाटलं, लहानपणी मारत तसं. पण हात उचलला नाही. त्या अंगणात त्याही होत्या. ते वरून ओतलेलं पाणी त्यांनीही पाहिलं होतं, आणि परवा त्याच बाईचं कपाट उपसताना त्यांना क्षणभरही अवघडल्यासारखं झालं नव्हतं. भाऊ निदान कापडाआड लाजला. त्या तर दिवसाढवळ्या गेल्या होत्या.

"चोर म्हणालास ते मजुरांसमोर," त्या म्हणाल्या. "आता हेही मजुरांसमोरच सांगायचं."

"ताई, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"त्याला राहिली होती?"

८

आवारात मोजकेच मजूर होते. डॉक्टर वाळूच्या ढिगाशी उभे राहिले आणि बोलले. डबा कुठे निघाला, त्यात काय निघालं, चोर कुणीच नव्हतं. मग थांबले. फौजदारबाईंना वाटलं, आता हा कच खातो. पण डॉक्टर म्हणाले, "आणि काळा ठोकळा मास्तरांनी नाही टाकला. मी टाकला. मी तुझ्याशी खोटं बोललो." मागे हेडमास्तर आणि घड्याळजी डबा घेऊन उभे होते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. हेडमास्तरांनी मान फिरवली.

कंत्राटदार गवंडीकाम करत होता. त्याने हातातली थापी खाली ठेवली नाही.

"रविवारी या," हेडमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मतपेटी फिरवायची नाही, काही नाही. मानाने या. बंधू म्हणून."

"नको, मास्तर." तो पुढे आला, डब्यातून लोखंडी थापी उचलली, मुठीवरच्या चिंध्यांना अंगठा लावून पाहिलं. "चांदीची तुमची तुम्ही ठेवा. ही आमची मी घेतो. ज्याने अदलाबदल केली तो माणूस मोठा होता. ती अदलाबदल आता मी मोडतो."

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ऐकलं मी डॉक्टरसाहेब, सगळं ऐकलं," कंत्राटदार म्हणाला. "आता जरा बाजूला व्हा. माल वाळतोय."

तो पुन्हा भिंतीकडे वळला. तिघेजण चांदीची थापी आणि रिकाम्या मखमलीची पेटी घेऊन फाटकाबाहेर गेले. फौजदारबाईंना जाता येईना. त्या मागच्या खोलीपाशी गेल्या. दार उघडंच होतं.

म्हातारी जमिनीवर चटई टाकून बसली होती. खाटेवर परवाचा कपड्यांचा ढीग तसाच होता, कपाट उघडं होतं.

"मावशी, तुम्ही जमिनीवर झोपलात?"

"मग कुठं झोपू?"

"सुनेला सांगायचं, आवरून दिलं असतं तिने."

"तिने कशाला? तिने काढले नव्हते." म्हातारीचा आवाज चढला नाही. "मीही हात लावला नाही. म्हटलं, ज्याने काढलेत त्याला ठाऊक, कुठून काय काढलं."

फौजदारबाईंनी खूप मोठं काहीतरी बोलायचं ठरवून आणलं होतं. ते न बोलताच त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि वरचं लुगडं मांडीवर घेतलं. घडी चुकली.

"असं नाही, बाई," म्हातारी म्हणाली. "काठ आत."

त्यांनी घडी मोडली आणि काठ आत घेऊन पुन्हा घातली.